प्रत्येक मेडिकल विद्यार्थ्याला एक हक्काचे माणूस द्या

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक,
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नवी दिल्ली,
आणि राज्यातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते यांस

विषय : एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली मेंटॉर योजना प्रत्यक्षात आणण्याबाबत



मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मेडिसिन शिकवून निवृत्त झालेली एक शिक्षिका आहे. एमबीबीएसची पुढची तुकडी महाविद्यालयात पाऊल टाकण्याआधी आपण एक निर्णय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला पहिल्या आठवड्यापासून इंटर्नशिप संपेपर्यंत एक वडीलधारे माणूस हक्काने मिळाले पाहिजे. त्या माणसाला तो विद्यार्थी नावानिशी माहीत असावा, विद्यार्थ्याला त्याच्याकडे जाताना धास्ती वाटू नये, आणि त्या माणसाला या कामासाठी वेळ व मान दोन्ही मिळावेत. आज हे भाग्य काही जणांच्याच वाट्याला येते. ते सगळ्यांच्या वाट्याला आणणे आपल्या हातात आहे.

मेंटॉर योजना आहेच, असे आपले कार्यालय सांगेल, आणि कागदावर ते खरे आहे. २०१९ साली क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. त्याबरोबर सुरुवातीचा पायाभूत अभ्यासक्रम आला, वर्तन, नीतिमूल्ये आणि संवाद शिकवणारे ‘एटकॉम’ आले, २०२२पासून कुटुंब दत्तक योजना आली. नव्या मुलांच्या याद्या करून त्यांना शिक्षक वाटून देण्याची पद्धतही बहुतेक महाविद्यालयांत रुळली आहे.

पण त्या योजनेची वही एकदा उघडून पाहा. रकाने असतात : तारीख, चर्चेचा विषय, दिलेला सल्ला, विद्यार्थ्याची सही, मार्गदर्शकाची सही. विषयाच्या रकान्यात ‘अभ्यास’. सल्ल्याच्या रकान्यात ‘नियमित अभ्यास करावा, हजेरी वाढवावी’. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीची (एलआयसी) किंवा आयोगाची तपासणी जवळ आली की विभागातला ज्युनियर रेसिडेंट मुलांना फोन करून बोलावतो आणि सहा महिन्यांच्या बैठका एका दुपारी, एकाच पेनने पुऱ्या होतात. मुले रांगेत उभी राहतात, सह्या करतात, निघून जातात. त्यांतल्या एखाद्याच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले असतात, एखादीने दोन महिन्यांपासून मेस सोडलेली असते. वहीत त्याची नोंद नसते, कारण ते कोणी विचारलेलेच नसते.

याचा दोष शिक्षकांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. ज्याच्या नावावर मेंटॉर म्हणून दहा-पंधरा मुले लिहिलेली आहेत, तोच माणूस सकाळी तुडुंब ओपीडी पाहतो, दुपारी लॉगबुकवर सह्या करतो, परीक्षेच्या काळात पेपर तपासतो, अधूनमधून न्यायालयात साक्षीला जातो, आणि मध्येच दुसऱ्या महाविद्यालयाच्या तपासणीसाठी प्रतिनियुक्तीवर रवाना होतो. वेळापत्रकात या कामासाठी एक तासही राखलेला नाही. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. कोणाला वाटेवर आणले, हे कोणी विचारत नाही. ज्या कामाला वेळ नाही आणि ज्याची मोजदाद होत नाही, ते काम वहीतच राहणार.

या योजनेच्या बाहेर मात्र मेडिकलमध्ये मार्गदर्शनाची एक जुनी, जिवंत परंपरा आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाला ॲनाटॉमीसाठी बोन सेट लागतो. तो बहुधा सीनियरकडून येतो. सीनियर पिशवीतून हाडे काढतो, ह्युमरस हातात देऊन विचारतो, ‘हे उजवे की डावे, कशावरून?’ मग रेडियल ग्रूव्हवरून बोट फिरवून तिथली नर्व्ह कोणती, ती दाबली गेली तर मनगट का पडते, हे सांगतो. हे सांगता सांगता बाकीचेही सांगून टाकतो : चौरसियाचे पुस्तक आधी वाच, ग्रेचे नंतर, व्हायवात उत्तर येत नसेल तर गप्प उभा राहू नकोस, जेवढे माहीत आहे तिथून सुरुवात कर, पहिल्या टर्मिनलला नापास झालास तर घाबरू नकोस, आमच्यातले निम्मे झाले होते. त्या अर्ध्या तासात त्या मुलाला जे मिळते, ते कोणत्याही वहीत मावत नाही.

असेच वॉर्डात घडते. एकदा कीटकनाशक प्यायलेला एक तरुण शेतकरी आमच्याकडे रात्री दाखल झाला. इंटर्न मुलगी पहाटेपर्यंत त्याच्या उशाशी बसून अँबू बॅग दाबत होती. सकाळी तो गेला. नातेवाइकांचा आक्रोश तिने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ती कामावरच आली नाही. युनिटमधल्या तरुण लेक्चररने तिला निरोप धाडून कँटीनमध्ये बोलावले. समोर कोरा कागद ठेवून म्हणाला, ‘ॲट्रोपीन कधी, किती दिले, बाहुल्या कशा होत्या, सगळे तासातासाने लिही.’ तिने लिहिले. मग दोघांनी ते ओळीओळीने तपासले. काय नीट झाले, पेशंट किती उशिरा पोचला होता, कुठे कोणाचाच इलाज चालला नसता, हे तिला स्वतःच्या अक्षरात दिसले. त्यानंतर त्याने तिला मृत्यूची बातमी नातेवाइकांना कशी द्यायची ते शिकवले : आधी बसायला सांगायचे, आपणही बसायचे, ‘गेले’ हा शब्द स्पष्ट उच्चारायचा, मग गप्प राहून त्यांना रडू द्यायचे. दुपारी ती वॉर्डात परतली. यादीत तिच्या नावापुढे मेंटॉर म्हणून बायोकेमिस्ट्रीतल्या एका शिक्षकांचे नाव होते. ते सज्जन गृहस्थ, पण पहिल्या वर्षानंतर त्यांची आणि तिची भेट व्हायचे कारणच उरले नव्हते. ज्याने तिला सावरले, त्याचे नाव कुठल्याच यादीत नव्हते.

हे अनौपचारिक मार्गदर्शनच वैद्यकीय शिक्षणाचा प्राण आहे, याबद्दल मला शंका नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात एका युनिटच्या भोवती पिढ्या कशा घडत गेल्या, हे डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नं. पाच, के.ई.एम.’ वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवी मुले आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात, मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि शिक्षकांसह त्या गावात शिबिरासाठी मुक्काम करते. जो शिक्षक तुमच्या पंगतीला बसून भाकरी खातो, त्याच्याशी बोलायला अपॉइंटमेंट लागत नाही. १९७४ साली सुरू झालेल्या ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ने आणि २००६पासून गडचिरोलीच्या डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘निर्माण’ या उपक्रमाने कितीतरी तरुण डॉक्टरांना हेच दिले : आपल्या पुढे चालून गेलेल्या माणसांचा सहवास.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की अशी माणसे सगळ्यांना भेटत नाहीत. ज्याचे आईवडील डॉक्टर आहेत, त्याला पहिल्याच आठवड्यात चार सीनियर आणि दोन प्राध्यापक ओळखतात. ‘अमक्याचा मुलगा’ म्हणून त्याच्याशी आपुलकीने बोलले जाते, ओटीत उभे राहायला जागा मिळते, पुढे कोणती शाखा घ्यावी याचा सल्ला घरबसल्या मिळतो. याउलट जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी माध्यमात शिकून आलेली मुलगी व्हायवाला उभी राहते. उत्तर तिला मराठीत पाठ असते, इंग्रजीत तोंडातून फुटत नाही, आणि परीक्षक समजतो की हिला काही येत नाही. अखिल भारतीय कोट्यातून केरळ किंवा राजस्थानातून आलेल्या मुलाची अडचण उलटी असते : त्याचे इंग्रजी चांगले, पण ‘पोटात मुरडा येतोय’ म्हणणाऱ्या आजींची हिस्ट्री त्याला घेता येत नाही. राखीव जागेवरून आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी वसतिगृहात ‘रँक किती?’ असे विचारतात, आणि त्या प्रश्नामागचा प्रश्न त्याला बरोबर कळतो. त्यानंतर तो कोणाकडे शंका घेऊन जाईल?

ज्याला वाट आधीच माहीत आहे, त्यालाच वाटाड्या भेटतो. म्हणूनच औपचारिक योजना हवी. ओळखीच्या जोरावर काहींना मिळणारे ते प्रत्येकाला मिळेल अशी व्यवस्था करणे, हे तिचे खरे काम आहे.

हे काम न झाल्याची किंमत आपण मोजतो आहोत. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या पदव्युत्तर विद्यार्थिनीने आयुष्य संपवले. जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी तडवी समाजातून ती इथवर आली होती. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. त्याचा निवाडा न्यायालय करेल. शिक्षक म्हणून आपल्याला पडायला हवा तो प्रश्न निवाड्याची वाट पाहत नाही : असा त्रास होत असल्याचे वाटणाऱ्या मुलीला आपल्या महाविद्यालयात निर्धास्तपणे जाऊन बोलता येईल असे कोण आहे? वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आयोगाने नेमलेल्या कृतिदलाचा अहवाल २०२४ साली आला. त्याच्या ऑनलाइन सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या २५,५९० पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे सांगितले, आणि १६.२ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे दुसरे प्रमाण ३१ टक्क्यांच्या वर होते. ऑनलाइन सर्वेक्षणाला मर्यादा असतात हे मान्य करूनही, ही हाक दुर्लक्ष करण्यासारखी नाही. आणि अहवाल आपल्याच आयोगाचा आहे.

ही कमतरता फक्त आपलीच आहे असेही नाही. ‘जामा’ या नियतकालिकात २००६ साली ३९ अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला होता. त्यात निम्म्याहून कमी वैद्यकीय विद्यार्थ्यांना मेंटॉर असल्याचे दिसले. म्हणजे नुसते सोडून दिले तर हे आपोआप होत नाही. व्यवस्था उभी करावी लागते. आपल्या देशात त्याचे उदाहरण आहे. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसने २००९पासून पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी स्वेच्छेने पुढे आलेल्या शिक्षकांचा कार्यक्रम चालवला, आणि पुढे त्याला वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची जोड दिली. शिक्षकाशी बोलायला मूल कचरते, पण वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या विद्यार्थ्याशी बोलते, हा सगळ्यांच्याच अनुभवाचा भाग आहे.

इथे एक नाजूक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला, आयोगाने २०२१ साली नियम आणले, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची राहण्याची सोय वेगळी करण्याची पद्धत पडली. हे सगळे आवश्यक आहे आणि त्यात तसूभर ढिलाई नको. पण त्या भिंतीआड छळणाऱ्या सीनियरबरोबर बोन सेट देणारा सीनियरही गेला. आता चांगल्या मुलालाही ज्युनियरच्या खोलीकडे फिरकायची भीती वाटते. म्हणून सीनियर आणि ज्युनियर यांच्या भेटीची उजळ माथ्याची जागा महाविद्यालयानेच तयार केली पाहिजे : ग्रंथालयात किंवा डिसेक्शन हॉलमध्ये, दिवसाउजेडी, शिक्षकांच्या माहितीने.

आणि नव्या महाविद्यालयांकडे तर तातडीने पाहा. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात एकाच वेळी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली : मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. जिल्ह्याजिल्ह्यात मेडिकल कॉलेज हे मोठे काम आहे आणि त्याचे मी मनापासून स्वागत करते. पण नव्या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीला सीनियरच नसतात. कोणते पुस्तक, कोणता परीक्षक, कोणती चूक टाळायची, हे सांगणारे एकही मूल त्या आवारात नसते. बरेचसे शिक्षक कंत्राटी किंवा दुसरीकडून आलेले, त्यांची पुढच्या वर्षी तिथे असण्याची खात्री नाही. पहिले वर्ष पार करायला नियमाने चारच संधी आहेत. जिथे अनौपचारिक परंपरा अजून जन्मलीच नाही, तिथे औपचारिक योजनाच या मुलांचा एकमेव आधार आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

१. वेळापत्रकात तास द्या. महिन्यातून एक दुपार प्रत्येक महाविद्यालयात मेंटॉर-भेटीसाठी राखून ठेवा आणि ती शिक्षकाच्या अध्यापनाच्या तासांत मोजा. एका शिक्षकाकडे एका तुकडीतले पाचांहून अधिक विद्यार्थी नकोत. शंभर जागांच्या तुकडीला वीस शिक्षक लागतील. ते नसतील तर आधी पदे भरा, तीही कायमस्वरूपी.

२. हात बदलताना हात सोडू नका. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीतले शिक्षक जवळचे असतात. क्लिनिकल पोस्टिंग सुरू झाल्यावर वॉर्डातला शिक्षक जवळचा होतो. तेव्हा पहिल्या मेंटॉरने दुसऱ्याशी गाठ घालून द्यावी. शिक्षकाची बदली झाली तर त्याच आठवड्यात विद्यार्थ्याला नवे नाव कळले पाहिजे.

३. निवडीला वाव द्या. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याने आधी शास्त्र आणि मग आचार्य पारखून घ्यावा, आणि आचार्यानेही शिष्याला पारखावे, असे सांगितले आहे. सहा महिन्यांनी कोणतेही कारण न देता मेंटॉर बदलून मागण्याची मुभा असावी. मुलींनी शिक्षिका मागितली तर ती मिळावी. आणि एखादा विद्यार्थी आपणहून एखाद्या शिक्षकाशी जोडला गेला असेल, तर त्याच शिक्षकाचे नाव यादीत घ्या.

४. मेंटॉर आणि परीक्षक वेगळे ठेवा. ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत, त्याच्यापुढे कोणीही मन मोकळे करणार नाही. वहीत फक्त भेटीची तारीख लिहा. बोलणे वहीत नको. जिवाला धोका वाटला तरच गोपनीयता सोडावी, आणि तशा वेळी कोणाला फोन करायचा हे प्रत्येक मेंटॉरला पाठ असावे : महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग, आणि चोवीस तास चालणारी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा.

५. शिक्षकांना हे काम शिकवा आणि त्याची कदर करा. ऐकून घेणे, सल्ला देण्याची घाई न करणे, आपल्या मर्यादा ओळखून योग्य ठिकाणी पाठवणे, हे शिकावे लागते. प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण विभाग आहे. तो हे प्रशिक्षण देऊ शकतो. बढतीच्या निकषांत या कामाला गुण द्या. ज्यांना हे काम झेपत नाही किंवा आवडत नाही, त्यांच्यावर ते लादू नका. नाखुशीने भेटणाऱ्या मेंटॉरपेक्षा मेंटॉर नसलेला परवडला.

६. वरच्या वर्षातले विद्यार्थी निवडा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या, स्वतः अडखळून सावरलेल्या मुलांना यात प्राधान्य द्या. निवड वर्गातल्या क्रमांकावरून करू नका. त्यांना प्रशिक्षण द्या, प्रमाणपत्र द्या, आणि त्यांच्यासाठीही एक शिक्षक नेमा.

७. नव्या महाविद्यालयांना जुन्यांशी जोडा. गडचिरोलीला नागपूरशी, हिंगोलीला नांदेडशी, जालन्याला छत्रपती संभाजीनगरशी, बुलढाण्याला अकोल्याशी. पहिल्या तीन तुकड्यांसाठी तिथल्या सीनियर मुलांनी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष यावे, एरवी व्हिडिओवर भेटावे. त्यांच्या प्रवासाचा खर्च शासनाने द्यावा. त्या जिल्ह्यात वर्षानुवर्षे प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनाही बोलवा. तालुक्याच्या गावी एकट्याने बाळंतपणे आणि सर्पदंश निभावलेला डॉक्टर मुलांना जे सांगेल, ते पाठ्यपुस्तकात मिळायचे नाही.

८. तपासणीची रीत बदला. एलआयसीने आणि आयोगाने वह्या पाहण्याऐवजी प्रत्येक तुकडीतल्या दहा मुलांना अधिष्ठात्यांच्या गैरहजेरीत एकच प्रश्न विचारावा : ‘अडचण आली तर या महाविद्यालयात कोणाकडे जाशील?’ उत्तरादाखल एक नाव आले तर योजना चालू आहे. नाव आले नाही तर ती बंद आहे, वह्या कितीही भरलेल्या असोत.

यांतल्या बहुतेक मागण्यांना इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. पदे भरण्यासाठी आणि प्रवासासाठी लागणारा पैसा मात्र द्यावाच लागेल. बाकीचे एका शासन निर्णयाने, विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने आणि अधिष्ठात्यांच्या इच्छाशक्तीने होणारे आहे.

ही मुले उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण रुग्णालयांत आणि मोठ्या शहरांतल्या अतिदक्षता विभागांत आपल्या सगळ्यांना तपासणार आहेत. घाबरलेल्या रुग्णाशी कसे बोलावे, चूक झाली तर ती वरिष्ठांना कशी सांगावी, थकल्यावर मदत कशी मागावी, हे ती व्याख्यानातून शिकत नाहीत. त्यांच्याशी जसे वागले जाते, तसे ती पुढे रुग्णांशी वागतात. पाच-साडेपाच वर्षे ज्याची कोणी विचारपूस केली नाही, त्याच्याकडून आपण कोणत्या हक्काने विचारपूस मागणार?

पुढील तुकडीच्या पायाभूत अभ्यासक्रमाचे वेळापत्रक ठरण्याआधी आपण या मागण्यांवर निर्णय घ्यावा आणि तो जाहीर करावा, ही विनंती. माझ्यासारखे अनेक निवृत्त शिक्षक या कामासाठी विनामोबदला यायला तयार आहेत. आम्हाला बोलवा, आम्ही येऊ.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय शिक्षिका